माजी सैनिकांना कारखान्यात घेताना एचआरने नेमकं काय बदलायचं?

चाकण_एचआर

चाकणला वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. पुढच्या भरतीत स्टोअर, मेंटेनन्स, डिस्पॅच आणि शिफ्ट सुपरवायझर या जागांवर माजी सैनिक घ्यायचे असं वरून ठरलंय. सिक्युरिटीचं काम एजन्सीकडे आहे, तो विषय यात नाही. शिवाय अकाउंट्स आणि परचेसमधल्या काही जणींचे नवरे फौजेत आहेत. त्यांच्या रजा आणि बदल्यांसाठी धोरणात दोन कलमं घाला असंही सांगितलंय.

अडचण अशी की आमचा नेहमीचा साचा इथे चालत नाही. रिझ्युमेत "एसकेटी", "सीक्यूएमएच", "क्लर्क एसडी" असं काहीबाही असतं. रिलीव्हिंग लेटर नसतं, यूएएन (पीएफचा क्रमांक) नसतो. पेन्शन चालू असताना पीएफ कापायचा की नाही यावर आमच्याच पगार विभागात दोन मतं आहेत. आणि आजूबाजूच्या कंपन्यांतून कानावर येतं की हे लोक सहा महिन्यांत सोडून जातात. का जातात?

"जय जवान"चं पोस्टर रिसेप्शनला आधीच लागलंय. मला कामाचं सांगा.

डिस्चार्ज_बुक

रिझ्युमे बाजूला ठेवा आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्त होताना मिळणारं नोंदींचं पुस्तक, मागा. ट्रेड, सेवेची वर्षं, केलेले कोर्स, मेडिकल कॅटेगरी, चारित्र्याचा शेरा आणि सेवामुक्तीचं कारण, सगळं त्यात असतं. रिझ्युमे बहुधा सायबर कॅफेवाल्याने बनवलेला असतो. त्यात "हार्डवर्किंग" आणि "पंक्च्युअल" सोडून काही सापडत नाही.

सेवामुक्तीचं कारण "मुदत पूर्ण" असेल तर प्रश्नच नाही. "स्वतःच्या विनंतीवरून" असेल तर काही एचआरवाले भुवया उंचावतात. उगाच. जवानाची पेन्शन १५ वर्षांच्या सेवेनंतर पक्की होते. त्यानंतर शेती, आईवडिलांचं आजारपण, मुलांची शाळा अशा कारणांनी अर्ज देऊन पेन्शनला येणारे पुष्कळ असतात. म्हणूनच पस्तीस-चाळिशीतला, वीस वर्षं काम उरलेला माणूस तुमच्या दारात येतो.

मेडिकल कॅटेगरीत "शेप-१" म्हणजे मानसिक स्थिती, कान, हातपाय, शरीर आणि डोळे, पाचही बाबतींत पूर्ण तंदुरुस्त. त्याखालची कॅटेगरी दिसली म्हणून नाव खोडू नका. ती उंच डोंगरावर हत्यार घेऊन लढण्याच्या मापाने दिलेली असते, रॅकवर बेअरिंगं लावण्याच्या मापाने नव्हे. तुमच्या कारखान्याच्या डॉक्टरांकडून त्या जागेपुरती तपासणी करून घ्या.

आता तुमची कोडी. एसकेटी म्हणजे स्टोअर कीपर टेक्निकल. सीक्यूएमएच म्हणजे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. साधारण १२० जणांच्या कंपनीचं रेशन, कपडे, तंबू, हत्यारं यांची आवक-जावक त्याच्या सहीने होते आणि मोजणीत एक वस्तू कमी भरली तरी जाब त्याला द्यावा लागतो. स्टोअरसाठी याहून चांगला माणूस शोधायला जाऊ नका. सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, त्याच कंपनीची ड्युटी वाटतो, हजेरी आणि शिस्त बघतो. तो शिफ्ट सुपरवायझर. क्लर्क एसडी रजा, नोंदी, पत्रव्यवहार सांभाळतो, त्याला टाइम ऑफिसला घ्या. ईएमई, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती शाखेचे लोक मेंटेनन्सला. त्यातही गाड्यांचा, इलेक्ट्रॉनिक्सचा, हत्यारांचा असे ट्रेड निराळे असतात, तेवढं विचारा. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या इंजिनिअर दलाकडून आलेल्यांत डोझर-एक्सकॅव्हेटर चालवणारे मिळतात. नौदलातून आलेला इंजिनरूम आर्टिफिसर दिसला तर सोडू नका. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकलेला हा माणूस पंप, कॉम्प्रेसर, डिझेल जनरेटर यांच्यातच वाढलेला असतो.

हुद्दा डिस्चार्ज बुकातलाच घ्या. आपल्याकडे गावात प्रत्येक फौजीला "मेजर" म्हणतात, आणि शिफारस करणाऱ्याने तसं सांगितलं की एचआर त्याला अधिकाऱ्याच्या यादीत टाकून मोकळं होतं.

पदवीचं एक. दहावी झालेल्या आणि १५ वर्षं सेवा केलेल्या सैनिकाला पदवीशी समकक्षतेचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते सरकारी गट-क पदांच्या भरतीसाठी आहे. खाजगी कंपनी त्याने बांधलेली नाही. मात्र सुपरवायझरच्या जाहिरातीत "पदवीधर" अशी अट ठेवलीत तर तुमची ऑनलाइन प्रणाली चांगले हवालदार पहिल्याच चाळणीत बाहेर फेकेल. जाहिरातीत "पदवी किंवा १५ वर्षांची सैन्यसेवा" असं लिहा.

उमेदवारांसाठी पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र द्या. त्यांच्याकडे नोकरीसाठी नावं नोंदलेली असतात. पत्रात जागा, ट्रेड, हातात पडणारा पगार, शिफ्ट, बस आणि राहण्याची सोय एवढं स्पष्ट असू द्या. सैन्याची स्वतःची आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशन आहे. हवाई दल आणि नौदलाचे प्लेसमेंट सेल वेगळे आहेत. दिल्लीच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडेही मागणी नोंदवता येते. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर इथल्या जिल्हा कार्यालयांना पत्र टाकायला हरकत नाही, पण त्याचा तोटा पुढे कुणीतरी सांगेलच.

पडताळणी करणाऱ्या एजन्सीला आधीच समजावून ठेवा. ती आधीच्या मालकाचा ईमेल आणि तीन पगारपत्रकं मागते. ते मिळालं नाही की अहवालावर लाल शेरा. त्याऐवजी डिस्चार्ज बुक, पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ) आणि माजी सैनिक ओळखपत्र घ्या. ओळखपत्र जिल्हा सैनिक कार्यालय देतं, शंका आली तर तिथेच विचारा. डिस्चार्ज बुकची प्रत घेतलीत तर ती कुलपात राहू द्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका. आणि सेवामुक्तीच्या तारखेआधी पगारावर घेऊ नका. माणूस शेवटच्या रजेवर घरी आलेला असला तरी कागदोपत्री तो अजून फौजेतच असतो. ऑफर तीन महिने आधी द्या, रुजू तारीख सेवामुक्तीनंतरची ठेवा.

पगारपत्रक

पीएफचं दोन मतांचं काही नाही, नियम सरळ आहे. फक्त पगार विभाग तो अर्धाच वाचतो.

सैनिकाची पेन्शन आणि पीएफ यांचा एकमेकांशी संबंध नाही. पेन्शन मिळते म्हणून पीएफमधून सूट मिळत नाही. फौजेत त्याचा जो फंड कापला जायचा तो सैन्याचा स्वतःचा फंड, ईपीएफ नव्हे. म्हणून पीएफच्या फॉर्म ११ मध्ये "यापूर्वी ईपीएफ सदस्य होता का", "ईपीएस सदस्य होता का" (ईपीएस म्हणजे पीएफला जोडलेली पेन्शन योजना) या दोन्हींना उत्तर "नाही". मधे कुठे खाजगी नोकरी केली असेल तरच "होय".

पुढे दोन वाटा फुटतात. रुजू होताना मूळ पगार अधिक महागाई भत्ता ₹१५,००० पर्यंत असेल तर ईपीएफ आणि ईपीएस दोन्ही लागू. ₹१५,००० च्या वर असेल आणि तो पहिल्यांदाच सदस्य होत असेल, तर तो वगळलेला कर्मचारी ठरू शकतो, म्हणजे पीएफ सक्तीचा नाही. कंपनी आणि कर्मचारी दोघांनी मिळून पर्याय दिला तर घेता येतो. घेतला तरी ईपीएसमध्ये तो जाऊ शकत नाही, कारण १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा सदस्य होणाऱ्या आणि ₹१५,००० च्या वर पगार असणाऱ्याला ते दार बंद आहे. अशा वेळी मालकाचे पूर्ण १२ टक्के ईपीएफ खात्यात जायला हवेत आणि ईसीआरमध्ये, म्हणजे पीएफच्या मासिक ऑनलाइन चलनात, ईपीएसचा रकाना शून्य हवा.

चूक होते ती इथेच. सॉफ्टवेअर सवयीने महिना ₹१,२५० ईपीएसला टाकत राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. माणूस नोकरी सोडून पैसे काढायला जातो तेव्हा दावा फेटाळला जातो. मग कंपनीचं पत्र, चुकीच्या सदस्यत्वाची दुरुस्ती, रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवणं, यात महिने जातात. पहिल्या महिन्याचा ईसीआर भरण्याआधी माजी सैनिकांची नावं वेगळी काढून हा एक रकाना तपासा.

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा: एकूण पगार महिना ₹२१,००० पर्यंत असेल तर लागू, पेन्शन त्यात धरायची नाही. "माझ्याकडे ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आहे, मला ईएसआय नको" असं म्हणणारे भेटतील. वैयक्तिक सूट नाही.

टीडीएसचा फटका सुभेदार आणि त्यावरच्यांना बसतो. समजा पेन्शन महिना ₹४५,००० आणि तुमचा पगार ₹७५,०००. वर्षाचे ५.४० लाख आणि ९ लाख. पेन्शन देणारं खातं म्हणतं, ५.४० लाखांवर कर शून्य. तुमचा पगार विभाग म्हणतो, ९ लाखांवर कर शून्य. दोघेही काही कापत नाहीत. प्रत्यक्षात एकूण १४.४० लाख, त्यातून प्रमाणित वजावट ₹७५,००० एकदाच, म्हणजे करपात्र १३.६५ लाख. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीतल्या दरांनी कर ₹८४,७५०, त्यावर ४ टक्के सेस, एकूण ₹८८,१४०. हे जुलैत विवरणपत्र भरताना एकदम कळतं, वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज. उपाय सोपा. रुजू होतानाच पेन्शनची वार्षिक रक्कम लिहून घ्या आणि टीडीएस एकत्र उत्पन्नावर कापा. कर्मचाऱ्याने असं जाहीर केलं तर कंपनीला तसं करता येतं. अपंगत्व पेन्शन किंवा शौर्यपदकाशी जोडलेली पेन्शन असेल तर करमाफीचे नियम वेगळे, ती रक्कम सीएला दाखवल्याशिवाय मिळवू नका.

आणि सीटीसी, म्हणजे माणसावरचा कंपनीचा एकूण खर्च, समजावून सांगा, अगदी कागदावर. फौजेत घर, रेशन, वर्दी, प्रवास या गोष्टी पगाराच्या बाहेर असतात आणि स्लिपवर दिसतो तो पैसा जवळपास हातात येतो. "महिना चाळीस हजार सीटीसी" ऐकलेला माणूस चाळीस हजारांचा हिशोब मांडूनच भाड्याची खोली घेतो. मूळ पगार वीस हजार धरा. मालकाचा पीएफ ₹१,८०० (₹१५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के), ग्रॅच्युइटीची तरतूद ₹९६२, हे आधीच वजा. मग त्याचा स्वतःचा पीएफ ₹१,८०० आणि व्यवसाय कर ₹२००. हातात ₹३५,२०० च्या आसपास. मेडिक्लेमचा हप्ता सीटीसीत घातला असेल तर त्याहून कमी. पहिल्या पगाराला वाटणारी फसवणूक हे सोडून जाण्याचं एक मोठं कारण आहे, आणि ते मुलाखतीत पाच मिनिटांत टळतं.

चाकण_एचआर

ईपीएसचा रकाना उद्याच बघते. एक जोडप्रश्न. वरचे म्हणतात, यांना पेन्शन आहेच, तर बाजारभावापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी दिले तरी येतील.

पगारपत्रक

येतील. आणि शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीने दोन हजार जास्त दिले की जातील. पेन्शन ही झालेल्या नोकरीची कमाई आहे. घरभाडं मिळणाऱ्या इंजिनिअरचा पगार तुम्ही त्यासाठी कमी करता का? पगार जागेला असतो. ऑफर लेटरमध्ये किंवा पगार ठरवण्याच्या टिपणीत "पेन्शनधारक असल्याने" असा शब्दही येऊ देऊ नका.

लाइन_तीन

सोडून का जातात, हे शॉपफ्लोअरवरून सांगतो.

पहिलं कारण, त्याला कामगारांवर धाक बसवायला ठेवलं जातं. जागा स्टोअरची, पण पहिल्याच आठवड्यात मॅनेजर म्हणतो, "मेजर, जरा त्या कॅन्टीनमध्ये बसणाऱ्यांकडे बघा." युनियन आणि कंत्राटी मुलं त्याला मालकाचा माणूस समजायला लागतात, स्टोअरला सहकार्य मिळत नाही, आणि तीन महिन्यांत तो एकटा पडतो. गेटवरची झडती, हजेरीचे वाद, संपाच्या दिवशी फाटकावर उभं राहणं, यातलं काही त्याच्या कामाच्या यादीत नको. यादी लेखी द्या.

दुसरं, साहेब किती? आपल्याकडे स्टोअरच्या माणसाला प्लांट हेड, परचेस, प्रॉडक्शन आणि क्वालिटी असे चौघे जण तोंडी काम सांगतात. यातलं आधी कोणतं, हे ठरवण्याचं कसब कंपनीत मुरलेल्याला असतं, नव्याला नसतं. फौजेत हुकूम कुठून येणार हे ठरलेलं असतं. पहिले नव्वद दिवस एकच साहेब ठेवा. बाकीच्यांनी त्या साहेबामार्फत सांगायचं. आणि "नाही, हे आज होणार नाही" असं म्हणायची इथे मुभा आहे, हे त्याला मोकळेपणाने सांगा. नाहीतर तो प्रत्येक गोष्टीला "हो सर" म्हणतो आणि रात्री साडेनऊपर्यंत थांबतो. मॅनेजर खूश, घरचे नाराज.

तिसरं, संगणक. खतावणीत तो पक्का असतो, पण एसएपी या संगणक प्रणालीत माल आवक, राखीव साठा, बॅच, लाइनला दिलेला माल यांच्या नोंदी आणि त्या उलटवणं नवं असतं. तासाभराच्या प्रेझेंटेशनने काही होत नाही. दोन आठवडे, रोज दोन तास, चाचणी सर्व्हरवर, आणि बाजूला जुना स्टोअरवाला. चुकीची नोंद कशी उलटवायची हे पहिल्याच दिवशी शिकवा. ते येत नसेल तर भीतीने तो नोंदच उद्यावर ढकलतो, आणि महिनाअखेरीस प्रत्यक्ष साठा आणि सिस्टिम जुळत नाही. दोष त्याच्यावर येतो.

चौथं, गाव. वर लिहिलंय तो तोटा हा. सातारा-कोल्हापूरकडचा माणूस पंधरा-वीस वर्षं घराबाहेर काढून आलेला असतो. अपशिंगे किंवा सैनिक टाकळीचा माणूस चाकणला एकटा खोली घेऊन राहिला तर ते त्याला पुन्हा पोस्टिंगच वाटतं, फक्त क्वार्टर आणि लंगर नसलेलं. जवळच्या तालुक्यांतले आधी घ्या: खेड, शिरूर, जुन्नर, आंबेगाव, मावळ. लांबचा घेतलात तर साप्ताहिक सुट्ट्या जोडून महिन्याला सलग तीन दिवस गावी जाता येईल असा रोस्टर करा. पेरणी-कापणीला रजा मागणार, हे धरूनच चाला.

तरुण इंजिनिअरच्या हाताखाली सुभेदार कसा काम करेल, ही भीती बहुतेक पोकळ असते. फौजेत पंचविशीच्या लेफ्टनंटच्या हाताखाली पन्नाशीकडे झुकलेला सुभेदार असतोच. अडचण इंजिनिअरची होते, त्याला समोरच्याच्या वयाचा संकोच वाटतो आणि तो चूक दाखवायचं टाळतो. समजावायचं असेल तर इंजिनिअरला समजवा.

आणि "किती मारले?" हा प्रश्न कॅन्टीनमध्ये कुणी विचारणार नाही, एवढं सुपरवायझर लोकांना बजावून ठेवा.

बॅच_नंबर

लाइन_तीन यांनी लिहिलंय त्यात भर. कौशल्य आहे, पण परवाना नाही, असं तीन-चार ठिकाणी अडतं. सैन्यात वीस वर्षं वायरिंग केलेल्यालाही आपल्या राज्यात तारतंत्री परवान्याशिवाय वायरमन म्हणून दाखवता येत नाही. विद्युत निरीक्षक ऑडिटला आला की पहिला कागद तोच मागतो. नौदलात बॉयलर सांभाळलेल्याला बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र लागतं. सैन्याच्या दवाखान्यातला नर्सिंग असिस्टंट फर्स्ट एडला उत्तम, पण नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसेल तर कारखान्याच्या दवाखान्यात (ओएचसी) नर्स म्हणून त्याचं नाव लावू नका. ड्रायव्हरकडे जड वाहनाचा नागरी परवाना आहे का ते बघा. फोर्कलिफ्टला तुमचं अंतर्गत प्रशिक्षण आणि अधिकारपत्र कुणालाच चुकत नाही, मग त्याने रणगाडा का चालवलेला असेना. परवाना मिळेपर्यंत तीन-चार महिने मदतनीस पदावर, पण पूर्ण पदाच्या पगारावर घ्या आणि परीक्षेची फी कंपनीने भरा. नाहीतर तो मदतनीसच राहतो.

तोफखाना आणि रणगाडा दलातून आलेल्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, रुजू होतानाच करा. वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी झालेलं असू शकतं. प्रेस शॉपमध्ये ठेवण्याआधी मूळ नोंद हाताशी हवी, शिवाय फोर्कलिफ्टचा रिव्हर्स हॉर्न त्याला कळतो का ते बघायला हवं. कळत नसेल तर त्या गल्लीतल्या फोर्कलिफ्टवर निळा स्पॉटलाइट बसवा.

कृत्रिम पाय असलेले उमेदवार खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून मिळू शकतात. अपंगत्व आलेल्या सैनिकांना तिथे तांत्रिक शिक्षण देतात. अशा माणसाला सेफ्टी शूज देताना टाचेची उंची बघा. कृत्रिम पायाची जुळवणी टाचेच्या ठरावीक उंचीवर केलेली असते. टाच अर्धा इंच वर-खाली झाली तरी गुडघा आणि कंबरेवर ताण येतो आणि संध्याकाळी जखम दिसते. कंपनीचा बूट आधी द्या, तो घेऊन त्याला पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात जुळवणी करून येऊ द्या, मग लाइनवर. सरळ उभी शिडी त्याच्या कामात नको, जिना चालतो. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेला २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली समान संधी धोरण प्रसिद्ध करावं लागतं. तुमचं असेलच. त्यात या गोष्टी लिहा.

देवळालीकर

फौजी घरच्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून.

ताई, दोन कलमांत भागणार नाही, पण चार-पाचात भागेल. आधी कारण समजून घ्या. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा असते, पण ती मिळणार कधी हे युनिटचा रोस्टर ठरवतो, आणि तो शेवटच्या क्षणी बदलतो. मे २०२५ मध्ये रजेवर घरी आलेल्यांनाही तातडीने परत बोलावलं होतं. तेव्हा "रजा पंधरा दिवस आधी कळवा" हा तुमचा नियम त्या बाईला पाळता येत नाही, कारण नवऱ्यालाच आदल्या रात्री कळतं. कलम एक: जोडीदार सैन्यात असलेल्या कर्मचाऱ्याला वर्षातून ठरावीक दिवस, समजा दहा, अर्जित रजा ४८ तासांच्या सूचनेवर मिळेल, आणि नवऱ्याची रजा रद्द झाली तर तिचीही मंजूर रजा विनाप्रश्न परत जमा होईल. हे दुसरं अर्धं लोक विसरतात.

कलम दोन, बदली. साधारण दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग बदलतं. शांत ठिकाणी असेल तर कुटुंब सोबत जातं, फील्डला असेल तर मागे राहतं. शॉपफ्लोअरचं काम घरून होत नाही, पण अकाउंट्स, परचेस आणि क्वालिटीची कागदपत्रं होतात. तेव्हा "तीन महिने घरून काम, तोवर कंपनीच्या त्या भागातल्या दुसऱ्या युनिटमध्ये जागा शोधणं, जागा नसेल तर दोन वर्षांपर्यंत बिनपगारी विराम आणि परतल्यावर तीच श्रेणी" असा क्रम लिहा. विरामाच्या काळात ज्येष्ठता धरणार की नाही, तेही लिहा. मोघम ठेवलंत तर पुढच्या एचआरला वाटेल तसं होईल.

कलम तीन, पुरावा. मूव्हमेंट ऑर्डरची, म्हणजे नवऱ्याच्या बदलीच्या प्रवासाच्या आदेशाची, प्रत मागू नका. ती द्यायची नसते आणि तिच्यावर युनिट व ठिकाण असतं. तिचं स्वतःचं लेखी निवेदन आणि अवलंबित कार्ड पुरे. पत्त्यात "मार्फत ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" असेल तर तो अपूर्ण पत्ता नव्हे, फौजेच्या टपालाचा पत्ता आहे. पडताळणीचा माणूस छावणीतल्या क्वार्टरला गेला तर गेटवरूनच परत येईल आणि "पत्ता सापडला नाही" असा शेरा मारेल. त्याऐवजी युनिटचा राहण्याचा दाखला किंवा गावचा कायमचा पत्ता घ्या. कंपनीच्या मासिकात, ग्रुपवर, वाढदिवसाच्या पोस्टवर नवऱ्याचं युनिट आणि ठिकाण लिहायचं नाही, फोटो वर्दीतला टाकायचा नाही, कौतुक म्हणूनसुद्धा नाही.

भरती करताना तिच्या रिझ्युमेत दोन-दोन वर्षांच्या नोकऱ्या आणि मधे खंड दिसणारच. एकेका शहरात ती किती काळ होती तेवढं विचारा आणि खंड त्याच्याशी जुळवा. जुळला की विषय संपला.

वीरपत्नी कामावर असेल किंवा येणार असेल तर एक गैरसमज दूर करा: तिच्या पगारामुळे तिचं कुटुंब निवृत्तिवेतन बंद होत नाही. त्या भीतीने काही जणी रोखीने, नोंदीशिवाय पगार द्या म्हणतात. तसं करू नका. पहिल्या वर्षी रेकॉर्ड ऑफिस, बँक, जिल्हा कार्यालय, तहसील अशा फेऱ्या असतात, त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा मोकळ्या हाताने द्या.

मनावरच्या ताणासाठी १४४१६ ही टेलि-मानसची हेल्पलाइन आहे. पुण्याच्या एएफएमसी या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी तिचा वेगळा कक्ष आहे. नंबर सगळ्यांसाठीच्या नोटीस बोर्डावर लावा, एकेकाला बाजूला घेऊन देऊ नका.

चाकण_एचआर

देवळालीकर, कलम तीन जसंच्या तसं घेते. शेवटचे दोन. टेरिटोरियल आर्मीत (नागरी नोकरी सांभाळून केलेली अर्धवेळ सैन्यसेवा) असलेला एक अर्जदार आहे, त्याला घ्यावं का? आणि अग्निवीर माजी सैनिकांच्या कोट्यात धरायचे का?

डिस्चार्ज_बुक

टेरिटोरियल आर्मीचा माणूस घ्या, पण कॅलेंडर आधी मागा. वर्षाला प्रशिक्षण शिबिर असतं, शहरी तुकड्यांना साधारण एक महिना, बाकीच्यांना दोन. तारखा आधी कळतात. बोलावणं आलं तर मात्र निघावंच लागतं. मे २०२५ मध्ये सरकारने ३२ पैकी १४ पायदळ बटालियन सेवेत बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले होते. १९४८ च्या टेरिटोरियल आर्मी कायद्याप्रमाणे अशा सेवेवरून परतलेल्याला कामावर पुन्हा घेणं मालकाला बंधनकारक आहे, पीएफसारखे हक्कही राखले जातात. तेव्हा एकाच माणसावर चालणारी जागा त्याला देऊ नका. स्टोअरच्या दोघांपैकी एक म्हणून ठेवा आणि दुसऱ्याला त्याचं काम येतं ना, ते शिबिराच्या महिनाभर आधी करून बघा.

अग्निवीर वेगळे. चार वर्षांची सेवा, २५ टक्क्यांपर्यंत कायम होतात, बाकीचे साधारण ₹११.७१ लाख सेवा निधी घेऊन बाहेर येतात. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे ते ओळखपत्रही मागू नका. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस भरती झाली, म्हणजे २०२६ अखेरपासून हे अर्ज यायला लागतील. वय पंचविशीच्या आतबाहेर, हवालदारासारखा माणसं सांभाळण्याचा अनुभव नाही. त्यांना सुपरवायझरच्या यादीत टाकू नका, ट्रेनी टेक्निशियनच्या जागेवर घ्या, आणि जाहिरातीत दोन्ही गट वेगळे लिहा. यांच्याकडे ईसीएचएस नाही, म्हणून मेडिक्लेम पहिल्या दिवसापासून लागू करा. बाकीच्यांसारखा तीन महिने थांबवू नका.